न ठेवलेला गोटा

मोटरसायकल चालवायला सरकारचा कागद लागतो, हे आमच्याकडे फारसं कुणाच्या गावी नव्हतं. बैलगाडीला लागत नाही, सायकलीला लागत नाही, मग हिलाच काय एवढं सोनं लागून गेलं, असा सरळ विचार. माझे भाऊजी कितीतरी वर्षं तशीच चालवत होते. गोंदियाच्या एका बिडी कंपनीत ते चेकर होते. गावोगावच्या शाखांवर जायचं, बायकांनी वळलेल्या बिड्या पाहायच्या, वाईट निघतील त्या बाजूला काढायच्या, हे त्यांचं काम. शेठनं त्यासाठी लढाईच्या भंगारातून निघालेली एक मोटरसायकल त्यांना देऊन ठेवली होती. ती इतकी आवाज करायची की शाखेवर त्यांच्या आधी त्यांची वर्दी पोचायची.

त्यांना मरण आलं ते गोंदियाहून गोरेगावला जाणाऱ्या रस्त्यावर. पाऊस नाही, वळण नाही, समोरून गाडी नाही. दोन्हीकडे कापून झालेल्या धानाच्या बांध्या आणि मधून सरळ रस्ता. मागून येणाऱ्या गाडीवानांना ते पळसाखाली पडलेले दिसले. मोटरसायकल बांधाला टेकून आडवी होती आणि तिचं इंजिन चालूच होतं म्हणे. पाय ठेवायचा डावा दांडा तेवढा वाकला होता, बाकी ओरखडाही नाही. कसं झालं ते कुणालाच कळलं नाही, आणि मला या वयातही कळलेलं नाही. पोलिसांनी पंचनाम्यात लायसन्स विचारलं. ते नव्हतं. शेठ त्या एका प्रश्नानं इतका घाबरला की पुढं महिनाभर तो कंपनीच्या घोड्यालासुद्धा लायसन्स आहे का विचारेल, असं त्याच कंपनीच्या गोदामातले आम्ही मुनशी आपसात म्हणायचो. थट्टा करायची ती वेळ नव्हती, पण माणूस दुःखातही चावट राहतो.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला बाई म्हणायचो, तेरवी झाल्यावर आमच्या घरी परत आली. आमचं गाव बिरसीच्या अंगाला. घरात बाबा, मी आणि आता ती. तिच्यामागून कंपनीच्या माणसांनी मोटरसायकलही आमच्या आंगणात आणून उभी केली, कारण भाऊजींची जागा मला द्यायचं शेठच्या मनात होतं. मात्र त्यानं बजावून सांगितलं, "लायसन्स बिना गाडी को हाथ नहीं लगाना. तेंदूपत्ते के पहले ले आओ, नहीं तो गाडी दूसरे चेकर को जाएगी."

मला चेकर व्हायची हौस नव्हती. गोदामात सावलीत बसून बिडीची तेंदूची पानं मोजणं मला बरं वाटत होतं. त्या गाडीची तर मला भीती वाटायची, हे उघड सांगतो. पण शेठचा निरोप मी घरी सांगितला तेव्हा बाई चुलीपाशी होती. ती आली तेव्हापासून फार बोलत नसे. त्या दिवशी ती उठली, आंगणात गेली, गाडीवर पडलेली निंबाची पानं झटकली आणि तिथूनच म्हणाली, "गाडी जाऊ देजो नोको गा. ते गेले, गाडी तरी आंगनात राहू दे." तिनं माहेरी आल्यावर मागितलेली ही एकच गोष्ट. नाही म्हणायला मी दगड नव्हतो.

शिकायला जागा आयतीच होती. बिरसीला लढाईच्या वेळी इंग्रजांनी विमानांची धावपट्टी बांधली होती. लढाई संपली, विमानं गेली, पट्टी उरली. तिच्यावर आता गुरं बसायची आणि हंगामात लोक धान वाळत घालायचे. तिथं मी गाडी ढकलत नेली. बाई बरोबर आली आणि कडेच्या बांधावर बसली. मला वाटलं, मी पडलो तर उचलायला आली असेल. पण ती माझ्याकडे पाहतही नव्हती. खाली मान घालून आवाज ऐकत होती. मी पहिल्या गेरमध्ये गाडी रडवत चाललो की ओरडून सांगायची, एवढ्या आवाजाला ते गेर बदलत, तू पन बदल. तिनं जन्मात गाडीच्या हँडलला हात लावलेला नव्हता. नवऱ्याची वाट पाहता पाहता तिला त्या इंजिनाचा श्वास कळला होता. हळूहळू माझ्या हातून तसाच आवाज निघायला लागला. ज्या दिवशी तो अगदी तसा निघाला, त्या दिवशी बाई बांधावरून उठली आणि मला न सांगता घरी निघून गेली. मी वळून पाहिलं तर बांध रिकामा.

त्यानंतर मला त्या गाडीवर एकटं वाटेनासं झालं. हा काही चमत्कार नव्हता, लोकांमुळे तसं व्हायचं. शिकाऊ परवाना भंडाऱ्याहून आल्यावर, पुढंमागं लाल अक्षराची पाटी लावून मी सरावाला शाखांच्या रस्त्यावर जायला लागलो. गाडीचा आवाज लांबून आला की शाखेवरच्या बायका लगबगीनं आपल्या बिड्या सारख्या करायच्या. कुणीतरी भाऊजींची ठरलेली बाज उन्हातून सावलीत ओढायचं. मग मी दिसायचो. एका म्हातारीनं तर पाण्याचा लोटा माझ्यापुढं धरला, माझं तोंड पाहिलं आणि लोटा तसाच परत नेला. माझा मला राग आला, भाऊजींचाही आला. मेलेल्या माणसानं इतकी जागा अडवून ठेवू नये, असं मी गाडी सुरू करताना त्यांना मनातल्या मनात बोललो आणि लगेच भिऊन माफीही मागितली.

फोटो काढायचा होता तेव्हाचंही तसंच. गोंदियाच्या फोटोवाल्यानं कोट घालून या म्हणून सांगितलं. माझ्याजवळ कोट कुठला? बाईनं तिच्या ट्रंकेतून भाऊजींचा कोट काढला आणि माझ्या अंगावर चढवला. बाह्या हातावर लोंबत होत्या, त्या तिनं आत दुमडून टाके घातले. फोटो तयार होऊन आला तेव्हा ती तो दिव्याजवळ नेऊन बराच वेळ पाहत होती. माझा चेहरा ती पाहत नव्हती, हे मला बाजूनं दिसत होतं.

आता गोट्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. आमच्या भागात कुणी वाटेवर अवचित मेलं, वाघानं खाल्लं, झाडावरून पडलं, गाडीखाली आलं, तर त्या जागी येणारा-जाणारा प्रत्येक जण एक गोटा ठेवतो. जंगलपट्टीतल्या लोकांची ही रीत. पण धानपट्टीतले आम्हीही ती मानायचो. ढीग वाढत जातो आणि मेलेला त्याच्याखाली शांत बसून राहतो. गोटा न ठेवता पुढं गेलं तर तो मागं येऊन बसतो, असं म्हणतात. बैलगाडी रिकामी असूनही उलाळ होते, बैलांच्या खांद्यावरून जू उचलल्यासारखं होतं, हे अनुभवाचे बोल म्हणून गाडीवान सांगायचे. आणि आपला गोटा आपणच ठेवायचा असतो, दुसऱ्यानं ठेवून चालत नाही.

भाऊजींच्या जागी पळसाखाली असा ढीग झाला होता. धानाच्या शिवारात गोटे सहज सापडत नाहीत, म्हणून मी सरावाला निघताना आमच्या नाल्यातला एक खिशात टाकून घ्यायचो. जाताना थांबायचं, गोटा ठेवायचा, हात जोडायचे, पुढं निघायचं. घरी आलो की बाबा गाडीबद्दल विचारत आणि बाई एकच विचारी, "गोटा ठेवलास?" मी ठेवला म्हणे. ती मान हलवी आणि कामाला लागे. माझ्या जिवाला काही होऊ नये म्हणून विचारते, असं मी धरून चाललो होतो. मला त्यानं बरं वाटायचं.

परीक्षा घेणारे मोटार इन्स्पेक्टर अधूनमधून गोंदियाला मुक्काम करत. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता त्या काळची ही गोष्ट, त्यामुळे साहेब तिकडचे, देशावरचे होते. शुद्ध बोलायचे, आम्हाला अहो-जाहो करायचे आणि आमचं बोलणं ऐकताना कपाळाला आठ्या घालायचे, रागानं नव्हे, समजावं म्हणून. त्यांनी मला आधी तोंडी विचारलं. डावीकडे वळताना हात कसा, थांबताना हात कसा, पूल अरुंद असेल तर आधी कोण. मी सगळं धडाधडा सांगितलं. मग ते जीपमध्ये बसले, मला पुढं घातलं आणि म्हणाले, गोरेगावच्या रस्त्यानं चला, मी भोंगा वाजवला की वळून परत या.

मी इतकी चांगली गाडी त्याआधी कधी चालवली नव्हती. बाजाराच्या गर्दीतून काढली, बैलांना बुजवलं नाही, गेर बाईच्या आवाजावर बदलले. पळस आला. मी रीतसर हात वर करून थांबायची खूण केली, गाडी कडेला घेतली, उतरलो, खिशातला गोटा ढिगावर ठेवला, हात जोडले आणि परत गाडीवर बसलो. आपण काही वावगं करतो आहोत, असं माझ्या डोक्यात चुकूनही आलं नाही. मागं पाहिलं तर जीपही थांबली होती. जीपचा म्हातारा ड्रायव्हर इकडचाच होता. तोही उतरून कडेला गोटा शोधत होता. साहेब एकटेच जीपमध्ये बसून आम्हा दोघांकडे पाहत होते.

त्यांनी मला जवळ बोलावून मध्येच का थांबलात म्हणून विचारलं. मी सांगितलं, गोटा ठेवायला. कसला गोटा, तर वाटेवर मेलेल्या माणसाचा. ड्रायव्हरनं मध्ये तोंड घातलं, इथं ठेवा लागते साहेब. साहेब ढिगाकडे पाहत राहिले. मग शांतपणे म्हणाले की परीक्षेत मी सांगेन तिथंच थांबायचं असतं, न सांगता थांबणारा माणूस उद्या भर रस्त्यात कुठंही थांबेल आणि मागचा त्याच्यावर येऊन आदळेल, तुम्ही नापास. ड्रायव्हरही थांबला होता, पण त्याच्याजवळ लायसन्स होतं, त्याला कोण नापास करणार? मला हसावं की रडावं कळेना. शेवटी साहेबांनी कोण मेलं म्हणून विचारलं. मी म्हणालो, माझे भाऊजी, याच गाडीवर. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुढच्या मुक्कामाला या म्हणाले.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी साहेबाच्या सात पिढ्या काढल्या. बाई त्या रात्री जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर गाडी आंगणातून हलवून सपरीच्या छपराखाली, तिच्या बाजेला लागून उभी केलेली. एवढं धूड तिनं एकटीनं कसं ढकललं कोण जाणे. तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर आला होता. जंगलात पळस फुलून झाले होते, शेठचा मुनीम दोनदा विचारून गेला होता, आणि आता साहेबांचा एकच मुक्काम उरला होता. नापास झालो असतो तर गाडी गेली असती. मग बाईचं काय झालं असतं ते मला दिसत होतं. ती मेली नसती, पण जगलीही नसती.

दुसऱ्या वेळी साहेबांनी मुद्दाम तोच रस्ता घेतला. निघण्याआधी म्हणाले, "आज थांबू नका. एकदा लायसन्स हातात पडलं की हवे तितके दगड ठेवा." त्यांनी ड्रायव्हरलाही तीच तंबी दिली. माणूस वाईट नव्हता. मी खिशात हात घालून पाहिला, गोटा होता. तो तसाच राहू दिला आणि किक मारली.

पळस लांबून दिसायला लागला तशी माझी मान आपोआप ताठ झाली. ढीग डाव्या हाताला आला. मी समोर पाहत राहिलो आणि गाडी काढली. भोंगा वाजेपर्यंत गेलो, वळलो, परत येताना ढीग उजवीकडून गेला. तेव्हाही थांबलो नाही. एवढंच झालं. गोंदियात पोचल्यावर साहेबांनी पाठ थोपटली आणि विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसून लायसन्सवर सही केली. त्यात माझा फोटो होता, भाऊजींच्या कोटातला.

मी बाहेर आलो तेव्हा ड्रायव्हर जीपला टेकून बिडी ओढत होता. मी त्याला विचारलं, तुमीही थांबले नाही, तुमाले भेव नाही वाटत? तो हसला नाही. म्हणाला, "तो माह्या जीपीत कायले येईन? त्याची गाडी तर तुह्याजवळ आहे."

परत जाऊन गोटा ठेवायचं मनात आलं होतं. पण गोरेगावचा रस्ता एकीकडे, आमचं गाव दुसरीकडे, ऊन उतरायला लागलेलं आणि टाकीत घरापुरतंच पेट्रोल. हे खरंच आहे. त्याहून खरं हे की मला बाईला लायसन्स दाखवायचं होतं, आत्ताच्या आत्ता. उद्या सकाळी ठेवीन, एका रात्रीनं काय होतं, असं मी ड्रायव्हरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो आणि निघालो.

गोंदिया सुटलं आणि गाडी जड झाली. आता कुणी म्हणेल, मनाचे खेळ. मीही दिवसा तसंच म्हणतो. पण मागं माणूस बसला की गाडी वेगळी चालते, हे चालवणाऱ्याला शिकवावं लागत नाही. पुढचं चाक हलकं पडतं, खड्ड्यात मागचा भाग खाली बसतो, वळणावर ती तुमच्याआधी झुकते. तसं होत होतं. मी मागं वळून पाहिलं नाही. एकदा थांबून चाकातली हवा पाहावी असं वाटलं, पण थांबलो तर मागच्यानं उतरावं असा त्याचा अर्थ होईल, आणि या मोकळ्या शिवारात त्यांना कुठं उतरवू, असा विचार माझ्या मनात आला. तो विचार आल्यावर मात्र मी पुरता घाबरलो. मी मोठमोठ्यानं भाऊजींशी बोलायला लागलो. काय बोललो ते आठवत नाही. बिड्यांचं काहीतरी, शेठचं, पत्त्याच्या हंगामाचं. धावपट्टीच्या कडेनं येताना मी दोन माणसांच्या ओझ्याचा गेर टाकला. तो बरोबर बसला.

दिवेलागणीला आंगणात शिरलो. बाबा दारात उभे होते, बाई ओसरीवर तांदूळ पाखडत होती. बाबांनी पास झाला का म्हणून विचारलं, मी गाडीवर बसल्या बसल्या खिशातून लायसन्स काढून दाखवलं. त्यांचा चेहरा खुलला. बाईनं सूप खाली ठेवलं आणि नेहमीचं विचारलं, "गोटा ठेवलास?"

"नाई," मी म्हणालो. "साहेबानं थांबू देलं नाई."

बाबांचा चेहरा पडला. ते कधी घाबरणारे नव्हते, पण दारात आडवा हात लावून म्हणाले, "उतरू नोको. असाच पलट अन् गोटा ठेवून ये. आताच्या आता." पेट्रोल नाही, मी म्हणालो. मग सायकल घे, पायी जा, पन जा, ते म्हणाले. मी उतरायला पाय उचलला.

बाई ओसरीवरून उतरली. तिच्या पदराला तांदळाचा कोंडा लागला होता, तो तिनं झटकला आणि डोक्यावरून पदर नीट घेतला. ती माझ्याकडे आली नाही. गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन सीटपासून हातभर अंतरावर उभी राहिली. एवढे दिवस ती मला विचारत होती आणि मी ठेवला म्हणून सांगत होतो. दर वेळी ती मान हलवून वळायची ती सुटकेनं नव्हे, हे मला त्या क्षणी कळलं. ती दुसऱ्या उत्तराची वाट पाहत होती, आणि मला, तुझा गोटा ठेवू नको, असं तिला तोंडानं म्हणता येत नव्हतं.

"त्याइले येऊ द्या बाबा," ती म्हणाली. "किती दिवसाचे त्या रस्त्यावर ताटकळत आहेत."

मग ती मला म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात, "गाडी नीट धर गा. ते उतरून राहिले."

मागचा माणूस उतरताना गाडी हलू नये म्हणून पुढचा ब्रेक दाबून धरायचा असतो आणि दोन्ही पाय जमिनीवर रोवायचे असतात. मी ब्रेक दाबला, पाय रोवले आणि डोळे मिटून गाडी धरून ठेवली. डोळे उघडले तेव्हा बाबा दारातून बाजूला झाले होते.